दगडूतात्यांचे गळ

दगडूतात्या भेटलेल्या माणसाला नमस्कार करत नसत, त्याचा अंगठा मागत. मी भाटघरच्या शाळेवर बदलून आले आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत सामान लावत होते, तेव्हा हे दारात उभे. डोक्याला टोपी, तोंडात सुपारी, आणि म्हणतात कसे, "बाई, जरा आंगठा द्या." मला वाटलं, ग्रामपंचायतीच्या कसल्या तरी कागदावर हवा असेल. "मला सही येते हो," असं मी म्हणेपर्यंत त्यांनी मासे धरायचा गळ माझ्या नखावर ठेवून हलकेच ओढलाही होता. गळ नखात रुतून थांबला. तात्यांचा चेहरा असा फुलला, जणू मीच परीक्षेत पास झाले.

गळ असाच तपासतात, हे मला मागाहून कळलं. नखावरून घसरला तो बोथट, अडकला तो टोकदार. तात्यांची स्वतःची नखं या कामी इतकी ओरबाडली होती की त्यांच्यात काहीही अडकायचं. म्हणून ते दुसऱ्यांची वापरत. एसटीचा कंडक्टर, दूधवाला, पोलिओचे डोस द्यायला आलेली नर्स, कुणी म्हणून सुटलं नाही. रोज संध्याकाळी धरणाच्या पाण्याकडे निघण्याआधी ते पायरीवर बसून बारीक कानशीने एकेका गळाचं टोक घासत. काठावर दुसरा कुणी बोथट गळ टाकताना दिसला की यांचा जीव खालीवर व्हायचा.

"आरं, मासा काय तुजा पाव्हणा हाय व्हय? पोटभर खाऊ घालतुयास आन् लावून देतुयास! आण हिकडं!" असं म्हणून त्याचाही गळ घासायला घेत. या नादात त्यांची स्वतःची गळाची काठी पाण्यात टाकायचीच राही. घरी त्यांची बायको, आमच्या काकू, मासळीची वाट न बघता भाजीला फोडणी देऊन मोकळ्या होत.

त्या माउलीची खरी दैना होती. उशी, टॉवेल, देवघरातला आसनाचा तुकडा, गळ कुठेही निघायचा. मोडक्या स्पीकरमधलं लोहचुंबक त्यांनी दोरीला बांधून ठेवलं होतं. पाहुणे यायचे म्हटलं की ते सतरंजीवरून फिरवायचं, हा त्यांच्या घरचा शिरस्ताच होता. "लोकं झाडू मारत्यात, आमी ह्ये मारतो," असं त्या अगदी सरळ चेहऱ्याने सांगत.

वैशालीला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, पाहायला मंडळी येणार होती त्या दिवशी लोहचुंबक उभं-आडवं फिरलं. वैशाली शिवऱ्याला हायवेवरच्या एका हॉटेलात कामाला होती, मुलगा शेजारच्या टायरच्या दुकानात. दोघांचं आधीच जमलेलं. अडलं होतं ते मुलाच्या वडिलांच्या होकारावर. हे वेल्ह्याकडचे नाना भारी कडक. चहा गार मिळाला म्हणून त्यांनी थोरल्याचं एक स्थळ मोडलं होतं म्हणे.

"तात्या, आज गळाचं नाव काढलंत तर मी जल्मात बोलायची न्हाई तुमच्याशी," वैशालीने बजावलं. बाई असल्या की जरा वजन पडतं म्हणून मलाही बोलावणं होतं.

तात्या खरोखर शहाण्यासारखे बसले. घात केला तो नानांनी. पोहे खाता खाता ते म्हणाले, "आमच्याकडं बी धरणाचं पाणी हाय. म्या टाकतो गळ. पर मासा लागतो आन् सुटतो."

तात्यांचा घास तोंडातच राहिला. त्यांनी लेकीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आढ्याकडे पाहिलं. तेवढ्यात नानांनी खिशातून काडेपेटी काढून तिच्यातला गळच दाखवला. मग संपलंच.

"आंगठा द्या!" तात्या म्हणाले. गळ नानांच्या नखावरून सुर्रकन घसरला. "पाव्हणं, ह्यो गळ न्हाई, ही खुंटी हाय. हिला सदरा टांगा!"

काकूंनी डोळे मिटले. नानांच्या कपाळाला आठी पडली. पण कानस कधी बाहेर आली कळलंच नाही, आणि थोड्याच वेळात तोच गळ नानांच्या नखात गच्च रुतला. नाना बघतच राहिले. खुशीत त्यांनी तो बाजूला सतरंजीवर ठेवला, अन् बोलता बोलता सरकून त्याच्यावरच बसले.

निघायला म्हणून नाना उठले तेव्हा त्यांच्याबरोबर सतरंजीही उठली. पोह्यांच्या बशा घरंगळल्या, टोकाला बसलेली मीही कलंडले. गळ नानांच्या पँटीतून सतरंजीत आरपार गेला होता. कातडीला लागला नव्हता, एवढीच देवाची कृपा. काकू पदर तोंडाला लावून रडायच्या बेतात. मुलगा भिंतीकडे बघत उभा. वैशालीचा चेहरा मला पाहवेना. तिचं सगळं आयुष्य त्या क्षणी नानांच्या पाठीमागे लोंबकळत होतं.

तात्या पक्कड घेऊन आले. "उलटा काटा मोडल्याबिगर न्हाई निघायचा."

"खबरदार मोडाल तर!" नाना गरजले. "इतकी वर्सं झाली, पयल्यांदा माजा गळ कशाततरी नीट लागलाय! सतरंजी कापा!"

"माज्या म्हायेरची हाय ती," एवढंच काकू म्हणाल्या. मग त्यांनीच कात्री आणली आणि सतरंजी चरचर कापली. लाल-निळ्या पट्ट्यांचा हातभर तुकडा मागे घेऊन नाना जीपमध्ये तिरपे बसले. काकूंनी धीर करून विचारलं, "दादा, मग आमच्या वैशूचं?"

"वैनी," नाना म्हणाले, "तुमच्या म्हायेरची सतरंजी घिऊन चाललोय. आता न्हाई कुठल्या तोंडानं म्हणू?"

वैशाली आनंदाने काकूंच्या गळ्यातच पडली. जीप वळणावर दिसेनाशी झाली तरी तात्या रस्त्यावर हात हलवत होते, आपला गळ किती छान लागला याच तोऱ्यात. मग मागे वळून मला म्हणाले, "म्हंजी... ठरलं व्हय? वैशू जाणार?"

"ठरलं की, तात्या," मी म्हटलं.

ते पायरीवर बसले. हातातली कानस उगाच उलटीपालटी केली. तात्यांना जाऊन आता दोन पावसाळे झाले, त्यांची शेकडो वाक्यं मला पाठ आहेत. पण त्या दिवशी जे बोलले ते त्यांच्या तोंडून मी एकदाच ऐकलं.

"बाई," तात्या म्हणाले, "जरा बोथटच ठिवायला पायजे हुता."