गुनवोरने लॅपटॉप घेतला

घटस्फोट झाला तेव्हा गुनवोरने हेनिंगचं आडनाव टाकलं, पण त्याच्या बोटयार्डातली खुर्ची सोडली नाही. नवरा सोडला म्हणून काम का सोडायचं, असं तिचं रोखठोक म्हणणं होतं. हेनिंग ऑस्टडालला ती डोळ्यांसमोर नको होती, पण बोटीचे आराखडे काढायला दुसरं माणूस त्याच्याकडे नव्हतं. त्यामुळे दोघं यार्डाच्या एकाच छपराखाली काम करत राहिली आणि बोटींखेरीज एकमेकांशी अवाक्षर बोलेनाशी झाली. जेवणाच्या सुट्टीत खाली सगळे एका टेबलाभोवती बसत. गुनवोर वरच्या खोलीत, कॉम्प्युटरसमोरच, काळ्या पावावर खारवलेला मासा ठेवून एकटीच खायची.

या यार्डात ती पोरवयातच आली होती. हेनिंगचे वडील तेव्हा जमिनीवर गुडघे टेकून लवचीक पट्ट्या आणि शिशाची वजनं घेऊन अख्खी बोट खऱ्या मापात काढायचे. तिचा हात त्यांच्याखाली तयार झाला. पुढे कॉम्प्युटर आला, त्याला सगळे बिचकले, आणि ती बसली. म्हातारबाबांनंतर कुणाशी ती गोड बोलल्याचं कुणाला आठवत नाही.

त्या वर्षी थंडी सरताना नीकार्लेबीच्या बंदरातल्या एका जुन्या लाकडी शिडाच्या बोटीचं काम आलं. मालकाला तिच्यावर नवीन केबिन हवी होती. बोट तिथल्या शेडमधून हलणार नव्हती. तिथेच मापं घ्यायची, तिथेच आराखडा लावून बघायचा, म्हणजे लॅपटॉप हवा. यार्डातली खरेदी हेनिंगची बहीण सोल्वेग बघायची. तिने स्वतःकडे होता तसाच एक चंदेरी, पातळ लॅपटॉप आणून गुनवोरच्या टेबलावर ठेवला.

गुनवोरने तो उघडायच्या आधीच सांगितलं, हा चालणार नाही. यात चित्रासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, मेमरी निम्मीसुद्धा नाही.

"माझ्याकडे हाच आहे," सोल्वेग म्हणाली. "माझं सगळं काम होतं."

"तू बिलं बनवतेस. बिलं उलटीपालटी करून आतून बघावी लागत नाहीत."

सोल्वेगने भावाला वर बोलावलं. त्याच्यादेखत गुनवोरने त्या लॅपटॉपवर अख्खी बोट उघडली, फासळ्या, फळ्या, कणा, सगळं, आणि माऊसने नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आपल्याकडे वळवायला घेतली. बोट अडली, मग एकदम भलतीकडे उडाली, आणि पडदा पांढराफटक पडला.

"मग फिरवू नकोस ना," हेनिंग म्हणाला. "एकाच बाजूने काढ."

सोल्वेग हसली. गुनवोरने लॅपटॉप मिटला, खोक्यात घातला आणि खाली जाऊन सोल्वेगच्या टेबलावर ठेवून आली. तुझ्याकडेच शोभतो, एवढं म्हणाली.

शनिवारी ती स्वतःच कोक्कोलाला लॅपटॉपच्या दुकानात गेली. दुकानदाराचं नाव आन्तेरो. तिची मातृभाषा स्वीडिश, त्याची फिनिश; या किनाऱ्यावर दोन्ही चालतात. तिची फिनिश जरा अडखळली तसा तो बहिऱ्याशी बोलावं तसा सावकाश आणि मोठ्याने बोलू लागला. मुलासाठी घेताय का, त्याने विचारलं. गुनवोरने पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला.

"यात माझी बोट आहे. ज्याच्यावर ती न अडखळता फिरेल तो मी नेणार. भाषण नको."

आन्तेरोचा चेहरा बदलला. त्याने दोन लॅपटॉप लावले. एक काळा, साधा, डिझाइनच्या कामासाठीच बनवलेला. याचं कार्ड तुमच्या प्रोग्रॅमबरोबर तपासून घेतलेलं असतं, असं त्याने सांगितलं. दुसरा पोरांच्या गेमचा, बटणांखाली लाल-हिरवे दिवे असलेला. दोन्हींवर बोट फिरली, पण दिवेवाल्यावर जास्त झरझर फिरली.

"तो घेऊ नका," आन्तेरो म्हणाला. "दिसायला वेगवान आहे, कामात दगा देईल. पण तुम्ही ऐकायच्या नाहीत. तुमच्याकडे बघूनच कळतं."

तो एवढं शेवटचं वाक्य बोलला नसता तर गुनवोरने काळाच घेतला असता. तिने दिवेवाला घेतला, स्वतःच्या पैशाने, आणि मान ताठ ठेवून बाहेर पडली.

नीकार्लेबीच्या शेडमध्ये त्या लॅपटॉपने तिला रडवलं. पंखा सॉनाच्या तापल्या दगडांवर पाणी ओतल्यासारखा फुसफुसायचा. एका कडेवर क्लिक करावं तर भलतीच कड उचलली जायची, मागच्या रेघा पुढे येऊन लुकलुकायच्या, आणि मधेच प्रोग्रॅम बंद. बॅटरी तर थंडीत कॉफीच्या वेळेपर्यंतही टिकेना. यार्डात परतल्यावर हेनिंगने ते दिवे पाहिले आणि विचारलं, नाचायला कधी यायचं? खालची माणसं तोंड फिरवून हसली. चूक आपली आहे आणि ती याच्यासमोर उघडी पडली, याचा संताप तिला रात्रभर पुरला.

लॅपटॉप बदलून घ्यायची मुदत अजून होती, म्हणून ती पुन्हा दुकानात गेली. आन्तेरोने तिला उभं ठेवलं. तिच्यामागून आलेल्यांची कामं आधी केली. मग म्हणाला, "मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत," गुनवोर म्हणाली. "पण ज्या तोंडाने सांगितलंत, त्या तोंडाचं कोण ऐकणार?"

त्याने लॅपटॉप उजेडात धरून चारही कोपऱ्यांवर ओरखडा शोधला. मिळाला नाही. मिळाला असता तर त्याला बरं वाटलं असतं. काळा लॅपटॉप त्याने तिच्यापुढे सरकवला आणि पावती देईपर्यंत पुन्हा बोलला नाही. लॅपटॉप जड होता, चार्जर विटेएवढा. पण शेडमध्ये त्याच्यावर बोट अशी वळली की जणू पाण्यातच आहे. काठाची मापं तिने तिथेच चढवली.

सोमवारी टेबलावर एक लोखंडी तार आणि कुलूप पडलेलं होतं. सोल्वेग दारात उभी होती. यार्डाच्या कामाचा लॅपटॉप यार्डातच राहील, असं तिने बजावलं.

"तो माझा आहे. पैसे मी भरलेत."

"आराखडे तर आमचे आहेत."

हे खरं होतं. गुनवोरने आराखडे यार्डाच्या कॉम्प्युटरवर उतरवून दिले, एकूण एक. मग तिने त्या खोलीकडे पाहिलं. लॅपटॉप घेताना जी गोष्ट तिच्या मनात आली नव्हती ती आत्ता आली. इथे बसायची आता गरजच नव्हती. तिने कोट चढवला, लॅपटॉप उचलला आणि लार्समूला आपल्या घरी निघून गेली.

ती स्वयंपाकघरात बसून काम करू लागली. दोन-तीन दिवसांनी हेनिंग तिच्या दारात आला. या घरी तो पहिल्यांदाच येत होता. तिने त्याला आत बोलावलं नाही.

"परत ये," तो म्हणाला.

"आराखडे वेळेवर मिळतायत ना?"

"मिळतायत." त्याने पायरीवर बूट घासले. मग म्हणाला, "तो पातळ लॅपटॉप मीच आणायला सांगितला होता. चालणार नाही हे मला माहीत होतं. म्हटलं, टेपने मापं घेशील आणि आराखडा काढायला टेबलापाशीच येशील."

"का?"

"समोर असलीस की माहीत असायचं, काय करतेयस ते."

इतकी वर्षं या माणसाने जेवणाच्या टेबलावरून तिला साधी हाक मारली नव्हती, आणि बांधून मात्र ठेवायचं होतं. सोल्वेगवर काढलेला राग खरा याच्यावर निघायला हवा होता.

"हेनिंग, तू मला विचारलं असतंस तर मी कदाचित राहिले असते," ती म्हणाली. "फसवलंस. आता काही हवं असेल तर मेल कर."

तिने दार लावलं. तो बराच वेळ पायरीवर उभा असल्याचं तिला काचेतून दिसत होतं. ती आत जाऊन कामाला बसली.

केबिन तयार होत आली. एक आराखडा हेनिंगने लाल गोल करून परत पाठवला. डाव्या काठाला अंगठ्याएवढा फरक होता. चूक तिचीच होती. तिने ती सुधारली, सॉरी लिहिलं नाही. जूनमध्ये बोट पाण्यात उतरली तेव्हा ती धक्क्याच्या एका टोकाला उभी होती, ऑस्टडाल भावंडं दुसऱ्या. मालकाने सगळ्यांना कॉफी आणि बन दिले. ती तिच्या टोकालाच बसून खात राहिली.

पुढे वासा शहरातल्या एका यार्डाचंही काम तिच्याकडे येऊ लागलं. ऑस्टडालांचं तिने सोडलं नाही. आराखडा पाठवला की हेनिंगचं उत्तर येतं, "मिळाला." चुकीचा असला तर लाल गोल येतो, आणि ती वाद घालते, कधी कधी अख्खी दुपार, मेलवरून. घटस्फोटानंतर ती दोघं एकमेकांशी इतकं कधी बोलली नव्हती. त्यात एकही शब्द बरा नसतो.