मऊ माती

रस्त्याच्या कामाचे मातीचे नमुने घेऊन मी नेहमी पनवेलच्या लॅबमधल्या मॅडमकडे जातो. माती साच्यात ठोकून घट्ट करायची, पाण्यात भिजत ठेवायची आणि मग यंत्राने दाबून ती किती कडक राहिली ते बघायचं, हे त्यांचं काम. नमुना नापास झाला तरी त्या 'फेल' म्हणत नाहीत. "हिला नाही जमणार," म्हणतात, तेही हळू आवाजात, जणू माती ऐकते आहे.

मागच्या महिन्यात गव्हाणजवळचा नमुना होता. जमीन त्यांच्याच घरची, रस्त्यात गेलेली. तपासणीच्या दिवशी त्यांनी वडिलांना मुद्दाम बोलावून घेतलं. ते यंत्राशेजारी स्टुलावर बसले. यंत्राचा दांडा मातीत सहज घुसत गेला. मॅडमनी काट्यावरचा आकडा वहीत लिहून घेतला.

"कडक हाय ना?" वडिलांनी विचारलं.

माझ्याशी एरवी पुस्तकी मराठी बोलणाऱ्या मॅडम त्यांच्यापुढे उकिडव्या बसल्या. "नाय बाबा. मऊ हाय. रस्त्याखाली नाय चालायची. ती काढून टाकतील नि मुरूम भरतील."

मला वाटलं, आता ते दुखावतील. त्यांनी साच्यातली थोडी माती चिमटीत घेतली, बोटांनी मळून बघितली.

"मग बरोबर हाय," ते म्हणाले. "आमी जनमभर नांगरून तिला मऊच करीत आलो."

मॅडमनी मनगटाने डोळे पुसले, साचा उपडा केला आणि सगळी माती वडिलांच्या पिशवीत भरून दिली.