ताईचा डावा पाय

जपता जपताच आम्ही ताईला घालवली.

आज वर्ष झालं.

ताईला हळू चालणं माहीतच नव्हतं. सासरहून, कऱ्हाटीहून, स्कूटीवर एमआयडीसीत दुधाच्या कंपनीत जायची. पोटात बाळ असतानाही मला म्हणायची, "तू चालतीस का मुंग्या मोजतीस?"

पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली. सिझेरियन झालं, मुलगा झाला. घरी सोडताना डॉक्टर मॅडम म्हणाल्या, रोज थोडं चाला, पाणी भरपूर प्या.

पण आमच्याकडं बाळंतीण म्हणजे बाजेवर. खाली शेगडी, कानाला स्कार्फ, पाणी घोटभर.

"आई, मॅडमनी चालायला सांगितलंय," ताई म्हणाली.

"पाय खाली टाकू नगं, वारं लागंल. तुजं म्हातारपन काय मॅडम काढनार हायत व्हय?"

आम्ही सगळे हसलो. ताईसुद्धा.

मग तिची डावी पोटरी दुखायला लागली. सुजली, हाताला गरम लागायची. उजवी अगदी नीट होती.

आई म्हणाली, वात हाय. तेल कोमट केलं आणि जीव लावून पोटरी चोळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई बाळाला घ्यायला उठली आणि मटकन खाली बसली.

"दम पुरंना गं मला."

बारामतीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

डॉक्टर म्हणाले, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असणार, ती सुटून फुप्फुसात गेली. बाळंतपणानंतर हा धोका असतोच, पडून राहिलं की वाढतो. चोळल्यानंच झालं असं खात्रीनं सांगता येत नाही, असंही म्हणाले.

आईनं हे शेवटचं ऐकलंच नाही. त्या दिवसापासून तिनं तेलाची वाटी हातात धरली नाही.

मला आईचा फार राग यायचा. पण माया कमी पडली असती, तर रागावता आलं असतं.

प्लीज, एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखली, तर चोळत बसू नका. दवाखाना गाठा. दम लागला तर एक मिनिटही थांबू नका.

गेल्या आठवड्यात वहिनी बाळंत झाली. दुसरं बाळंतपण, आमच्याकडंच.

आज सकाळी आईनं तिच्या दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. तांब्याभर पाणी पाजलं. मग हात धरून अंगणात आणलं.

शेजारच्या काकू ओरडल्या, "अगं, ओल्या बाळंतिणीला फिरवतीस व्हय?"

आईनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

"चल बाई," वहिनीला म्हणाली, "म्हातारं व्हायचंय तुला."

ताई, लई आठवण येती गं. भरल्या मनानं श्रद्धांजली.