साडूंनी पुसलेलं मिठागर

आमच्या साडूंइतकं चारचौघांत मला खाली मान घालायला लावणारं माणूस अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये दुसरं नसेल, आणि इतकं प्रेमळही. निवृत्तीनंतर लोक बागेत जातात, हे पायथन नावाची संगणकाची भाषा शिकले. मोबाइलवर बघून बघून गेम लिहू लागले आणि 'सेव्ह केलं नाही ते गेलं' हे एकच तत्त्वज्ञान घेऊन हिंडू लागले. पुतणीच्या लग्नात अंतरपाट दूर होताच, "थांबा, आधीचे फोटो सेव्ह झालेत का बघू द्या, मग हार घाला," म्हणून त्यांनी वधूवरांना हात वर करून ताटकळत ठेवलं. मी खांबाआड गेलो. भाजीवाल्याला "भैया, फोन का बॅकअप लिया क्या?" असं विचारल्याशिवाय त्यांची मेथी पिशवीत पडत नाही, आणि तेवढा वेळ मी शेजारच्या गाडीवरची लिंबं निरखत असतो.

पण सासूबाईंसाठी त्यांनी मिठागराचा गेम लिहिला, तिथे मात्र मी मनापासून वाहवा केली. सासूबाई इथल्याच राई गावच्या. तरुणपणी खाडीकाठच्या मिठागरात राबलेल्या, आता गुडघ्यांनी जखडलेल्या, साडूंकडेच असतात. पडद्यावर वाफ्यांत भरतीचं पाणी घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढून रास घालायची. म्हातारी रमली. चौथीपर्यंतच्या अक्षरओळखीवर, एका बोटाने, तिने प्रत्येक वाफ्याला सोबतच्या एकेका बाईचं नाव दिलं.

एका सकाळी गेम सुधारताना साडूंनी सासूबाईंचा खेळ साठवलेली फाइल वाचण्याऐवजी चुकून लिहिण्यासाठी उघडली. तशी उघडली की पायथन आतलं सगळं आधी पुसून मोकळं होतं. जगाला बॅकअप विचारणाऱ्या माणसाने तिची प्रत ठेवली नव्हती. सासूबाईंना सांगायची लाज वाटली म्हणून त्यांनी मला बोलावलं. "रास केवढी होती हो?" मी ठोकून दिलं, "मोठी होती." फाइल साध्या मजकुराची; साडूंनी हातानेच भलीमोठी रास लिहिली आणि वाफ्यांना नावं दिली एक, दोन, तीन, चार.

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "जावईबापू, यवरं मीठ मी काढलं न्हाय. आनी माज्या बाया कुटं हायेत?"

साडूंचे कान लाल झाले. "आई, चुकलो. माझ्या हातून पुसलं गेलं. वर खोटं लिहिलं."

मी फरशी बघत होतो. एवढे दिवस तो पडदा समोर होता, पण त्यातलं एक नाव आम्हा दोघांनाही सांगता येईना.

म्हातारी रागावली नाही, तेच जड गेलं. "बसा. मी सांगते, तुमी लिवा." तीन नावं झाली, प्रत्येकीवर थोडं हसून झालं. चौथ्या वाफ्याशी त्या थांबल्या.

"ही मुर्धा गावची व्हती. माज्या बाजूला बसून भाकर खायची. नाव..." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "तितं लिवलेलं व्हतं."

साडूंनी मुर्ध्यात जाऊन जुन्या घरांतून विचारलं, मीही बरोबर होतो. कुणाला सांगता आलं नाही. तो वाफा अजून बिननावाचा आहे. सासूबाई रोज पहिलं पाणी त्यातच सोडतात, आणि तेवढा वेळ साडू बाहेर जिन्यात जाऊन उभे राहतात.