ट्रायल रूममधला संघ

टेलरमास्तरांना लहानपणी कुठल्याच संघात कोणी घेतलं नाही. सलग तीन वर्षं ते क्लबाच्या निवडचाचणीला गेले आणि तिन्ही वर्षं निवड करणाऱ्यांनी त्यांना सीमारेषेपलीकडे गेलेले चेंडू आणून द्यायला सांगितलं. ते काम त्यांनी इतकं मन लावून केलं, की चौथ्या वर्षी ते गेले नाहीत तेव्हा क्लबाकडूनच निरोप आला. चेंडू सापडत नाहीत, जरा येता का म्हणून. पुढे वडिलांनी हातात कात्री दिली आणि मास्तर शिलाईला लागले. खेळायचं राहिलं ते राहिलंच, पण संघ निवडायची हौस काही जिरली नाही.

दुकान चिंचोळं होतं. पुढे कापायचं लांब टेबल, मग दोन मशिनं, भिंतीला इस्त्री, आणि सगळ्यात मागे पडदा लावलेली ट्रायल रूम, तीही अशी की शर्ट काढताना माणसाचं एक तरी कोपर भिंतीवर आपटायचंच. खिडकीशी मास्तरांची बायको काज-बटणं करत बसायची. मंगळवारी दुपारी गिऱ्हाईक कमी, म्हणून शेजारचा औषधवाला आणि निवृत्त पोस्टमन गप्पा मारायला यायचे. हे तिघं म्हणजे निवड समिती.

आधी ही समिती जगातला सर्वोत्तम संघ निवडायची. पण चौथ्या क्रमांकावर कोण, यावरून औषधवाल्याचं आणि पोस्टमनचं असं बिनसलं की पोस्टमन रक्तदाबाच्या गोळ्या आणायला दोन चौक पलीकडच्या दुकानात जाऊ लागले. त्या चालण्यानं आणि संतापानं रक्तदाब आणखी वाढला. तेव्हा मास्तरांनी तोडगा काढला.

"चांगल्यावरून माणसं भांडतात. आपण जगातला सगळ्यात वाईट संघ निवडू. त्यासाठी कोण भांडणार?"

दोघं दुपटीनं भांडले. पण निदान बोलायला तरी लागले.

नियम मास्तरांनी घालून दिले. खेळाडू देशाकडून खरोखर खेळलेला हवा. गल्लीतला भोंगळ चालणार नाही. आकडे छापील हवेत, ऐकीव नकोत. आणि ज्याच्याबद्दल वाईट वाटेल त्याला घ्यायचं नाही. हा शेवटचा नियम पहिल्याच आठवड्यात उसवावा लागला, कारण तो पाळला असता तर संघात कोणी उरलंच नसतं.

नावं लिहायची नाहीत, टोपणनावंच लिहायची असं ठरलं. सलामीला 'उंबरठा', कारण तो मैदानात शिरायचा आणि त्याच पावली परत यायचा. फिरकीला 'सरळमार्गी'. त्याचा चेंडू कधी फिरला नाही, फिरले ते फक्त क्षेत्ररक्षक. जलदगतीला 'दानशूर', एक कसोटी, बळी शून्य, दिलेल्या धावा एकशे त्रेसष्ट. आणि सातव्या क्रमांकावर यष्टिरक्षक 'चाळणी', एक कसोटी, दोन शून्यं, चार झेल सोडले, बाय सव्वीस.

कापडाचे नमुने आखायच्या खाकी कागदावर ही यादी मास्तरांनी सुबक अक्षरात लिहिली. ती दुकानात दर्शनी लावायचा त्यांचा विचार होता.

"लावा की," बायको मान वर न करता म्हणाली. "लोकांना वाटेल ही बिघडवलेल्या कपड्यांची यादी आहे."

म्हणून ती गेली ट्रायल रूममध्ये, आरशाशेजारी. पँट घालून बघणारी माणसं आतच खिदळू लागली. एक जण तर अर्धवट पँटीत बाहेर डोकावून, सरळमार्गीला बाराव्या क्रमांकावर टाका, असं सांगून गेला.

असंच एका मंगळवारी साठी ओलांडलेले एक गृहस्थ आले. पिशवीतून त्यांनी निळा ब्लेझर काढला.

"जरा सैल करून हवाय. शनिवारी एक कार्यक्रम आहे."

"घालून दाखवा, म्हणजे कुठे काचतोय ते कळेल," मास्तर म्हणाले आणि सवयीनं पडद्याकडे बोट दाखवलं.

गृहस्थ आत गेले. जाताना त्यांनी पडदा सारला तेव्हा मास्तरांची नजर त्यांच्या हातावर गेली. डाव्या हाताची दोन बोटं सांध्यापासून वाकडी होती. हयातभर मापं घेतलेल्या माणसाला शरीरं वाचता येतात. अशी बोटं सुतारकामानं होत नाहीत, यष्टिरक्षणानं होतात. मग ब्लेझरच्या खिशावरचं देशाचं चिन्ह आठवलं. मग चेहरा आठवला, क्रिकेटच्या जुन्या वार्षिकातल्या फोटोतला, केस वजा केलेला.

"चाळणी," मास्तर पुटपुटले.

"कुठेय?" औषधवाल्यानं विचारलं.

"आत."

तिघांच्या तोंडचं पाणी पळालं. पोस्टमन चप्पल शोधू लागले, औषधवाल्याला दुकान उघडं टाकून आल्याचं एकाएकी आठवलं. आतून ना कोपर आपटल्याचा आवाज, ना हसल्याचा. मास्तरांनी टेप गळ्यातून काढली, पुन्हा घातली. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एकाही गिऱ्हाइकाचा पाणउतारा झाला नव्हता, आणि आज झाला तो असा, आरशासमोर उभं करून.

पडदा सरला. ब्लेझर पोटावर ताणलेला, गृहस्थ शांत.

"ही यादी कोणी केली?"

औषधवाल्यानं आणि पोस्टमननं अतिशय चपळाईनं मास्तरांकडे पाहिलं.

"मी केली," मास्तर म्हणाले. "चुकलं माझं. आत्ता काढतो."

"चुकलंच आहे. दोन शून्यं नाहीत. पहिल्या डावात शून्य, कबूल. दुसऱ्या डावात माझी एक धाव आहे. बॅटची कड लागून चेंडू गेला आणि पंचांनी लेगबाय दिली."

मास्तरांनी विचारलं, "मग तुम्ही पंचांना सांगितलं नाहीत?"

"सांगणार होतो. पण षटक तिथेच संपलं. पुढच्या षटकात मीच समोर, आणि पहिल्याच चेंडूवर गेलो. त्यानंतर कोणत्या तोंडानं सांगायचं? अडतीस वर्षं झाली. घरच्यांनाही आता ऐकून कंटाळा आलाय."

पोस्टमननं बूड टेकलं. "पण साहेब, छापील आकडा शून्यच आहे. आमचा नियम आहे."

"नियम आम्हीच केलेत," मास्तर म्हणाले. ते आत गेले, दुसरं शून्य खोडलं आणि तिथे लिहिलं: एक, वादग्रस्त. गृहस्थांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि मान डोलावली.

औषधवाल्याच्या मनात निराळीच शंका. "एक धाव धरली तर यांची जागा राहते का संघात?"

"राहते म्हणजे?" गृहस्थ दचकले. "बायच्या सव्वीस धावा आहेत की माझ्या. आणि झेल?"

बायकोनं खिडकीपासून त्यांच्यासाठी स्टूल सरकवलं. चहा आला. कुठल्या बाजूची शिवण उसवायची ते ठरलं आणि मग साहेब यादीवर घसरले. उंबरठ्याला त्यांनी मान्यता दिली. सरळमार्गीबद्दल म्हणाले, माणूस सज्जन, पण निवड योग्य. दानशूरपाशी येऊन मात्र थांबले.

"याला काढा. मी चार झेल सोडले ना, त्यातले तीन याच्या गोलंदाजीवरचे. धरले असते तर तीन बळी असते बिचाऱ्याचे. माझ्या पापाची शिक्षा त्याला का?"

दानशूरचं नाव खोडलं. संघात दहा जण उरले.

शनिवारसाठी मास्तरांनी ब्लेझर असा सैल केला, की कुठे काय उसवलंय ते शिवणाऱ्यालाही शोधावं लागलं असतं. अस्तर झिजलं होतं, तेही न सांगता बदललं. खिशावरच्या चिन्हाला मात्र हात लावला नाही. इस्त्री फिरवतानाही त्यावर ओलं फडकं टाकून, दोन बोटांनी चाचपून बघितलं. मग कोणी बघत नाहीसं पाहून ब्लेझर स्वतःच्या अंगाला लावून बघितला. बायकोनं बघितलं होतं, पण ती बटणच शिवत राहिली.

पुढच्या मंगळवारी साहेब आले ते पडलेल्या चेहऱ्यानं.

"ब्लेझर काचला का?" मास्तरांनी विचारलं.

"ब्लेझर उत्तम. घोळ दुसराच झालाय. कार्यक्रमात दानशूर भेटला. मी मोठ्या आनंदानं सांगितलं, तुझं नाव होतं एका यादीत, मी ते काढायला लावलं. कसली यादी, विचारलं. सांगितलं. तर भडकला माझ्यावर."

"यादीत घातलं म्हणून?"

"काढलं म्हणून. म्हणतो, एका सामन्यानंतर मला कोणी कधी कुठल्या संघात घेतलं नाही. अडतीस वर्षांनी कुठेतरी नाव लागलं, तेही तू घालवलंस. आधी माझे झेल सोडलेस, आता मलाच सोडलंस. ताट तसंच टाकून उठला हो."

समितीची बैठक बसली ती गंभीरपणे. पोस्टमनचं म्हणणं, एकदा खोडलेलं नाव परत घेतलं तर समितीची अब्रू जाईल. औषधवाल्यानं विचारलं, कुठली अब्रू? निवडचाचणीनंतर नावं वाचून दाखवायचे ते दिवस मास्तरांना आठवत होते. नाव येणार नाही हे ठाऊक असूनही शेवटचं नाव वाचेपर्यंत कान तिकडेच असायचे.

"त्यांना बोलवा," ते म्हणाले. "मी स्वतः सांगतो."

दानशूर आला तो दारात वाकून. साडेसहा फूट उंच माणूस. ट्रायल रूममध्ये तो मावेना, म्हणून यादीच बाहेर आणावी लागली. मास्तरांनी त्याच्या देखत नाव पुन्हा लिहिलं, आधीपेक्षा ठळक. त्यानं कागद हातात धरून आपल्या वरचे आणि खालचे सगळे वाचले.

"गोलंदाजीची सुरुवात मी करणार ना?"

"तुम्हीच," मास्तर म्हणाले.

"आणि यष्टींमागे हाच?"

"हाच," साहेब म्हणाले. "आता मात्र बोलू नकोस, स्टुलावर बस."

दोघं बसले. त्या तिसऱ्या झेलावरून दोघांची जुंपली. दानशूर म्हणे सरळ हातात होता, साहेब म्हणत डोळ्यांत ऊन होतं. पोस्टमननी विचारलं, पॅव्हेलियन कुठल्या दिशेला होतं? कोणाला आठवेना. पण भांडण चांगलं अर्धा तास चाललं, आणि निघताना दानशूरनं सांगितलं की त्यालाही ब्लेझर शिवून हवाय. जुना त्यानं त्याच वर्षी कोणाला तरी देऊन टाकला होता.

मास्तर स्टुलावर चढले आणि खांद्याचं माप घेऊ लागले. आकडे बायको लिहून घेत होती.

"खिशावर काय काढायचं?" तिनं विचारलं. "देशाचं चिन्ह आम्हाला काढता यायचं नाही."

दानशूरनं कागदावरचं आपलं नाव पुन्हा एकदा बघितलं.

"काही नको," तो म्हणाला. "खिसे तेवढे खोल ठेवा. मला हात घालून सीमारेषेबाहेर उभं राहायची सवय आहे."