उबवणीच्या पेटीतली अकरा अंडी

ये गं, जवळ बस. कागदावर लिहायलेय म्हणून लांबून वाचायचं असं नसतं. फोनवर घाईघाईनं म्हणालीस, "मावशी, अंडी उबवायच्या पेटीचं माप तेवढं पाठव." तेवढं म्हणे. नुसत्या मापानं पिल्लं निघत असती तर सुताराच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नसती. एवढी शिकलेली पोर तू, अन् गोष्ट अर्धीच मागतेस. माप घे: दीड फूट लांब, फूटभर रुंद, तेवढंच उंच. झालं? आता बाकीचं ऐक.

मी पेट्या करायला लागले ते हौसेनं नाही. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर बसायला झाली, की पूर्वी टोपलीत भुसा घालून तिला बसवलं की काम संपायचं. पण मागं दोन-तीन वर्षं गावात कोंबड्यांची मर आली अन् बसायला कोंबडीच राहिना. सुनेच्या मोबाईलवर कुणीतरी थर्माकोलच्या डब्यात पिल्लं काढलेली बघितली. म्हटलं, आपल्याला काय धाड भरली न जमायला. जिंतूरच्या एका मेडिकलवाल्याकडून औषधांचा रिकामा डबा मागून आणला अन् घरातलाच पांढरा बल्ब आत लावला. उजेड बख्खळ पडला, ऊब मात्र काही नाही. नवे बल्ब तापतच नाहीत हे मला दोन दिवसांनी कळलं.

मग जुना पिवळा, तारेचा बल्ब शोधत फिरले. दुकानदार म्हणाला, "आजी, हे बल्ब आता म्युझियममधी मिळतेत."

"मग म्युझियमचा पत्ता दे," मी म्हणाले.

त्यानं माळ्यावर चढून धुळीनं भरलेले दोन काढून दिले. पुढं पंख्याची दुरुस्ती करणाऱ्याकडून तापमानाचा कंट्रोलर आणला. लाल आकड्यांची चपटी डबी असते ती. तिला एक लांब वायर अन् वायरीच्या टोकाला करंगळीच्या पेराएवढा सेन्सर. सेन्सरला साडेसदतीस कळलं की बल्ब आपोआप बंद, थोडं उतरलं की परत चालू. कोपऱ्यात पाण्याची वाटी, तळाला जाळी, जाळीवर वाळलं गवत, अन् आत बघायला झाकणात काचेचा तुकडा. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. सकाळी फुली वर, दुपारी गोल वर, संध्याकाळी परत फुली. कोंबडी हे चोचीनं करते, आपल्याला हातानं करावं लागतं.

हे सगळं सोपं वाटतं सांगताना. पण पेटी केली की कोंबडी सुटते अन् बाई अडकते. एकवीस दिवस उंबरा सोडता येत नाही. पिंगळीला माझ्या चुलत बहिणीच्या नातीचं लग्न होतं, मी गेले नाही. लाइट गेली की गरम पाणी बाटल्यांत भरून आत ठेवा, वरून गोधडी टाका, लाइट आली की बाटल्या काढा. खुडूक कोंबडी तरी दिवसातून एकदा दाणे टिपायला उठते. पहिल्या पेटीतून चार पिल्लं निघाली. दुसरीच्या वेळेला वळवाच्या विजा कडकडल्या अन् बारांतलं एकही निघालं नाही. खरं कारण होतं चार तास गेलेली लाइट. पण माझ्या मनात बसली ती वीज.

अशात गेल्या मार्गशीर्षात जाऊबाई आल्या. माझ्या थोरल्या दिराची बायको, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. एकटीच राहते, आमच्यापासून चार घरं सोडून. डोक्यावर टोपलं, टोपल्यात ज्वारी अन् ज्वारीत अकरा अंडी.

"मुंगसानं धरली गं," त्या टेकत म्हणाल्या. "मरीतून वाचली अन् मुंगसाला सापडली."

ती त्यांची उघड्या मानेची कोंबडी. चारठाण्याकडच्या माहेराहून त्यांनी पहिल्या बाळंतपणानंतर जी जोडी आणली होती, तिच्याच पिढीतली ही शेवटची. मानेवर पीस नाही, तांबडी मान, दिसायला ओंगळ अन् अंड्याला अशी की सांगू नये. कोंबडा तेवढा शिल्लक होता. आता या अकरांतून एक तरी तलंग निघाली, तर वंश पुढं जाणार. तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी.

पण गोष्ट कोंबड्यांपुरती नव्हती. त्यांचा पोरगा पुण्याला असतो. भला आहे. दर फोनला म्हणायचा, आई, इकडं ये. अन् दर फोनला जाऊबाईंचं एकच उत्तर, माझ्या कोंबड्या कुणावर सोडू? मुंगसानं ते उत्तर नेलं. पोरगा म्हणाला, आता कशासाठी राहायलीस तिथं? मार्गशीर्ष सरला की गाडी घेऊन येतो.

"पिल्लू निघालं तर सांगीन त्याला," जाऊबाई म्हणाल्या. "न्हाई निघालं तर बांधते गठुडं."

मी अंडी पेटीत मांडायला घेतली तशा त्या वाकून बघायला लागल्या. "कोळसा कुठाय? लोखंड कुठाय?" आमच्याकडं कोंबडी बसवताना टोपलीत कोळसा अन् लोखंडाचा तुकडा ठेवतात. विजेनं, नजरेनं अंडी नासू नयेत म्हणून.

"जाऊबाई, ही मशीन हाय. हिला असलं चालत न्हाई."

"मशीनला नजर लागत न्हाई व्हय? तुझ्या नवऱ्याची मोटारसायकल नवी होती तवा लिंबू कुणी बांधलं होतं?"

मी पेटीतलं गवत सारखं करत राहिले. लिंबू मीच बांधलं होतं.

रोज सकाळी त्या काठी टेकत यायच्या, पेटीच्या काचेतून बघायच्या अन् एखादा टोमणा टाकून जायच्या. "काय म्हणतेय तुझी थर्माकोलची आई? दूध बी देते का?" सातव्या दिवशी मोबाईलच्या बॅटरीवर अंडी धरून बघितली. दोन निव्वळ रिकामी होती, काढून टाकली. नवांत लाल शिरा दिसल्या, मधी काळा ठिपका. जाऊबाईंनी एकेक अंडं उजेडावर धरून बघितलं, अन् त्या दिवशी टोमणा न मारताच गेल्या.

त्याच्या दोन-तीन दिवसांनी अवकाळीचं आभाळ आलं. लांब जिंतूरच्या बाजूला नुसतं गुरगुरायला लागलं. माझ्या डोळ्यापुढं ती बारा अंडी आली. मी इकडंतिकडं बघितलं, अडगळीतून मोडक्या विळ्याचं पातं काढलं, धुतलं अन् पेटीत गवताखाली सरकवलं. कुणाला सांगितलं नाही. मशीनला चालत नाही म्हणून मीच सांगितलेलं, आता कुठल्या तोंडानं सांगू?

एकविसावा दिवस आला. अंडी गप्प. बाहेर थंडी अशी की पाण्यात हात घालवेना. त्या दिवसांत परभणीकडं जी थंडी पडते ती हाडात शिरते. मी दिवसभर पेटीपुढं बसले. लाल आकडे साडेसदतीसच दाखवत होते. चोच मारल्याचा आवाज नाही, तडा नाही. जाऊबाईंच्या पोराचा फोन येऊन गेला होता. रविवारी येतो म्हणाला. तो गुरुवार होता.

बाविसाव्या दिवशी जाऊबाई आल्या त्या दारातच म्हणाल्या, "राहू दे आता. लय केलंस."

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. कंबर गेली होती, मान गेली होती. पेटी उघडावी, अंडी खड्ड्यात पुरावी अन् गोधडीत शिरावं, एवढंच मनात होतं. मी झाकण काढलं. जाऊबाईंनी एक अंडं उचललं, चष्मा वर सारला अन् ते मिटल्या डोळ्याच्या पापणीला लावलं. तशाच उभ्या राहिल्या.

"हे कोमट हाय," त्या म्हणाल्या. "कोंबडीखालचं अंडं पापणीला ऊन लागतं. हे थंडावलेलं हाय गं."

"आकडे बरोबर हायेत, जाऊबाई."

"तुझे आकडे मला कळत न्हाईत. तू लावून बघ."

मी लावून बघितलं. खरंच कोमट. मग घरातला तापाचा थर्मामीटर अंड्यांमधी ठेवला, तर पारा पस्तिसाच्या वर चढेना. मी गवत बाजूला केलं. पातं सरकत सरकत नेमकं बल्बच्या खाली आलेलं अन् सेन्सरचं टोक त्याच्यावर आडवं पडलेलं. लोखंड तापायचं, सेन्सरला वाटायचं पेटी तापली, बल्ब बंद. कडेची अंडी दहा-बारा दिवस गारठत होती, अन् आकडे मला सगळं ठीक आहे म्हणून सांगत होते.

जाऊबाईंनी पातं उचललं, उलटंपालटं केलं. "हे कुठलं?"

"मी ठेवलं."

"मला न्हाई म्हणालीस अन् तू ठेवलंस."

"भ्या वाटलं."

"कुणाच्या नजरेचं? सगळ्यात जास्त तर मीच बघायले त्यांच्याकडं."

मी पातं बाहेर काढलं, सेन्सर अंड्यांच्या उंचीवर बांधला, वाटीत गरम पाणी ओतलं. झाकण लावून आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. चहा करायचीही ताकद नव्हती. सून घरी आली तिनं केला.

शनिवारी सकाळी एका अंड्याला तडा दिसला. दुपारपर्यंत तीन पिल्लांनी टरफल फोडलं. मला हात घालून मदत करावी वाटत होती, पण जाऊबाईंनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. बाकी सहा निघालीच नाहीत. नंतर बघितली तर आत पूर्ण झालेली पिल्लं होती. त्यांचं पाप माझ्यावर आहे, ते काही जात नाही.

ओली, थरथरती तीन पिल्लं. तिन्हींच्या माना उघड्या. जाऊबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. हसतील असं मला वाटलं होतं.

"मी काल गप बसले असते," त्या हळू म्हणाल्या, "तर ही बी गेली असती. उद्या पोरगा आला असता, गाडीत बसून गेले असते. सुनेच्या हातचा आयता चहा. गुडघ्याला आराम. मला बी दम लागायलाय आता."

"मग बोललात कशाला?"

"पापणीला लागलं ना. कळल्यावर कसं गप बसायचं?"

रविवारी पोरगा आला. खोक्यातली पिल्लं बघितली, आईकडं बघितलं, जेवला अन् एकटाच परत गेला. रागावला नाही. जाताना मला एवढंच म्हणाला, "काकू, लक्ष ठेवा." लक्ष ठेवायलेच की मी. दुसरं काय करायलेय?

चौथ्या दिवशी एक पिल्लू गेलं. दोन वाढली. एक कोंबडा निघाला, एक तलंग. ती तलंग या महिन्यात अंड्यावर आली. जाऊबाईंच्या ज्वारीत आता सहा अंडी आहेत, अन् त्या रोज विचारतात, पेटी कधी लावायची? मी रोज उद्यावर ढकलते. खरं सांगू, माझ्यानं आता होत नाही. त्यांचा गुडघाही पार आखडलाय. डॉक्टरला दाखवायला पोरगा पुण्याला बोलवतोय, पंधरा दिवसांसाठी. त्या जायला तयार आहेत. पण त्यांची कोंबडी, माझं घर अन् वर पेटी, हे सगळं मी एकटी धरू शकत नाही, हे त्यांना दिसतं. म्हणून त्या निघत नाहीत, अन् गुडघा काही थांबत नाही.

तर तू ये. पेटी शिकायचीच आहे तर इथं येऊन शीक. कोंबडीला दाणे तू टाक, अंडी तू फिरव, मी बाजेवर पडून सांगते. जिंतूरपर्यंत एसटीनं ये, तिथून जीप मिळते. नाही मिळाली तर फोन कर, सून घ्यायला येईल. जाऊबाईंनी पिशवी भरून ठेवलीय, दाराआड. लवकर ये गं.