पाळण्यात निजवलेला वरवंटा

मूल दत्तक घ्यायचं ठरवलेली जोडपी आमच्याकडं येतात. कुणी गडहिंग्लजहून येतं, कुणी आमच्याच गल्लीतलं असतं. चहा होतो आणि प्रश्न ठरलेले: कागदं काय लागतात, नंबर कधी लागतो, मूल गोरं मिळतं काय. हा शेवटचा प्रश्न आला की माझं डोकं सणकतं. अरे, मूल आणताय का साडी? घरात जी माणसं बसलीत त्यांची तयारी हाय काय, हे एकजण विचारत नाही. मग मी त्यांना आमच्या बारशाचं सांगते. चहा गार झाला तरी सांगते.

लेक आमच्याकडं आली तेव्हा चार वर्षांची होती. चालत आली, बोलत आली, आपलं नाव घेऊन आली. विचारलं की छाती पुढं काढून सांगायची. मला मावशी म्हणायची, कारण संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्याच बायका मावशी. मला त्याचं काही वाटत नव्हतं. सासूबाईंना मात्र मावशीही खटकली आणि नावही खटकलं.

"कुणी ठेवलंय असलं नाव कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या. "आपल्या घरात आली, बारसं आपल्यात व्हायला पायजे. पाळणा हलल्याबिगर घर घर वाटतंय व्हय?"

मी म्हटलं, "आई, चार वर्षांची पोर पाळण्यात मावणार कशी? आणि नाव हाय की तिला."

माझं कोण ऐकतंय. नवरा म्हणाला, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, आईची हौस होऊ दे. या 'होऊ दे'नं माझा जीव खाल्लाय. कोडोलीहून नणंद आली. आत्या म्हणून नाव ठेवायचा मान तिचा. रास काढून तिनं नवं नाव ठरवूनच आणलं होतं. पोरीची जन्मवेळ कुणालाच माहीत नाही, मग रास कुठनं काढली, असं विचारलं तर म्हणाली, "वहिनी, तुमी प्रत्येक गोष्टीत आडवं लावताय."

बारशाला गल्ली जमली. आमच्यात वरवंटा बाळासारखा दुपट्यात गुंडाळून पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात, आणि मग खरं बाळ पाळण्यात निजवतात. इथं बाळच मावेना. लेक माझा पदर मुठीत धरून उभी, सोडायला तयार नाही. म्हणून सासूबाईंनी वरवंटाच पाळण्यात निजवला. त्याला कुंची घातली, तीट लावली. नणंदेनं वाकून त्याच्या कानात, कान कसला डोंबलाचा, नवं नाव सांगितलं. बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. सगळ्यांना हसू आवरेना. मला रागानं रडू येत होतं.

संध्याकाळी पावणी गेली. सासूबाईंनी लेकीला नव्या नावानं हाक मारली. ती वळून बघेना.

"ऐकू कमी येतंय काय हिला?" नणंद म्हणाली.

बघते तर पोर पायांत चपला घालून, संस्थेतून आणलेली पिशवी मांडीवर घेऊन पाळण्याशेजारी बसलेली.

"कुठं निघालीस गं?" मी विचारलं.

तिनं पाळण्याकडं बोट केलं आणि अगदी हळू विचारलं, "मावशी, ते बाळ उठलं की मी परत जायचं?"

मी पाळण्यातून वरवंटा उचलला, कुंची काढली, दुपटं सोडलं आणि तो तिच्यापुढं जमिनीवर ठेवला. "बाळ न्हाय हे. चटणी वाटायचा दगड हाय. हात लावून बघ. तू कुठंबी जायचं न्हाईस."

तिनं हात लावला. या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला. मग सासूबाईंकडं बघून म्हणाली, "मग नाव कुणाला ठेवलं?"

नणंद, नवरा, सगळे तिथंच होते. शेवटी सासूबाई तिच्याजवळ खाली बसल्या, तिला तिच्या स्वतःच्या नावानं हाक मारली आणि म्हणाल्या, "चपला काढ, बाळा."